गाऱ्हाण्यातलं एक वाक्य

सहदेव गोताड यांचं अक्षर लावता येणारी आमच्या पेपरात मी एकटीच, म्हणून अकरा वर्षं त्यांचं सदर माझ्या गळ्यात पडलेलं. सदराचं नाव 'उलट टपाल'. दर सोमवारी काका संगमेश्वर तालुक्यातल्या तळेकोंडहून एसटीने रत्नागिरीला यायचे, आमच्या कचेरीचे दोन जिने चढून माझ्या टेबलावर तीन ताव ठेवायचे आणि चहा न घेता जायचे. चहा घेतला की समोरच्याचं पटायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते तीन ताव टाइप करताना माझं डोकं उठायचं. एक तर अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यात मजकूर असा, की छापून आल्यावर फोन मला घ्यावे लागत.

सगळा जिल्हा महामार्गाच्या रखडलेल्या कामाच्या नावाने खडे फोडत होता, तेव्हा काकांनी लिहिलं की रस्ता अर्धवट आहे तोवरच गाड्या संगमेश्वरात थांबून वडे खातात. एकदा तो गुळगुळीत झाला की संगमेश्वर पाटीवर उरेल. त्या दिवशी एकतीस फोन आले. एका पुढाऱ्याने तिसऱ्यांदा पक्ष बदलला आणि लोक त्याला शिव्या घालू लागले, तर काकांचं म्हणणं, त्याचं काय घेऊन बसलात, तीस वर्षांत एकदाही न बदललेलं स्वतःचं मत तपासून बघा. टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल त्यांनी फर्मावलं होतं की बातमी एक दिवस शिळी करूनच खावी, दुसऱ्या दिवशीही ती खरी राहिली तर बातमी, नाहीतर आरडाओरडा. आणि यंत्रं माणसाच्या नोकऱ्या खाणार म्हणून गळे काढणाऱ्यांना त्यांनी विचारलं, कालपर्यंत ज्या नोकरीच्या नावाने बोटं मोडत होतात, ती जाणार म्हणून आज रडता होय? आमच्याकडे पानं लावणारा विनीत त्यावरून आठवडाभर फुगून बसला होता.

मला ते खरं सांगायचं तर विक्षिप्तच वाटायचे. चारचौघं उजवीकडे निघाले की आपण डावीकडे वळायचं, याला फार अक्कल लागते असं मला वाटत नव्हतं. संपादकांनी तर सदर वाचणंच सोडलं होतं. बंद करायचं राहून गेलं म्हणून ते चालू होतं.

एकदाच त्यांचं बोलणं माझ्या मनात राहिलं होतं. काका पोफळीला, कोयनेच्या वीजघरात, बत्तीस वर्षं ऑपरेटर होते. डोंगराच्या पोटात असलेलं ते वीजघर. एका सोमवारी एसटी चुकली म्हणून थांबले आणि मी सहज विचारलं, आत भीती नाही वाटायची?

"पयल्या दिवशी बोगद्यातना आत गेलाव, बाय," ते म्हणाले, "नि पायाखालची जमीन थरथरताना कळली. वर धरनाचा पानी, मधी डोंगर, नि खाली आमी. मना वाटला, ह्या पान्याला थांब कोन म्हनंल? मंग आमच्या सायबान एक बटन दाबलान नि येवढा मोठा चाक हळूहळू गप झाला. मी घामान भिजलाव. येवढ्या मोठ्या ताकदीला नाय म्हनायची सोय माणसान करून ठेवलान, ह्याचा मना आजपन नवल वाटता."

माझ्या अंगावर काटा आला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसले असते.

तळेकोंडच्या वर सडा आहे, म्हणजे मैलभर पसरलेलं कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत येतं, दिवाळीनंतर ते सोनेरी होतं, आणि शिमग्यापर्यंत नुसता काळा दगड उरतो. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने त्या सड्यावर डेटा सेंटर काढायचं ठरवलं. आपल्या फोनमधले फोटो, निरोप, व्हिडिओ जिथे साठवतात तसल्या यंत्रांची कोठारं. सडा गावाच्या सामाईक मालकीचा, म्हणून ग्रामसभेची ना हरकत हवी होती. गाव विरोधात उभं राहिलं. सड्याखालून गावाचा झरा येतो, तो आटेल. गुरांचं गवत जाईल. कोठारांची घरघर रात्रंदिवस कानांत बसेल. मुंबईचे चाकरमानी विरोधात, शिक्षक विरोधात, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते विरोधात, आमचा पेपरसुद्धा जरा चाचपून विरोधात.

आणि काका बाजूने. त्यांनी 'सड्यालाही काम द्या' अशा मथळ्याचं 'उलट टपाल' लिहिलं. नातवाचे चारशे फोटो तुम्ही फोनात ठेवता, ते कुणाच्या तरी गावातच ठेवलेले असतात, मग ते गाव आपलं का नको? पोफळीच्या डोंगरातून मुंबई उजळली आणि धरणात गेलेल्यांच्या वाड्या काळोखात राहिल्या, कारण तेव्हा कुणी अटी घातल्या नाहीत. हाकलू नका, अटी घाला. झऱ्याला हात लावायचा नाही, हे आधी लिहून घ्या आणि मग या म्हणा. लेख लांबला होता, म्हणून मी त्यातली एक ओळ कापली: 'उन्हात पडून पडून हा कातळ म्हातारा झाला.' जरा जास्तच भरजरी वाटली मला ती.

त्या लेखानंतर गावात काकांशी कुणी धड बोलेना. त्यांना त्याचं काही नव्हतं, सवयच होती. पण घरात एक वेगळी गोष्ट घडली होती. त्यांचा मुलगा केतन चौदा वर्षं मुंबईत एका जाहिरात कंपनीत होता, नालासोपाऱ्याला राहायचा, गणपतीला चार दिवस आणि शिमग्याला दोन दिवस गावी यायचा. बापाचं हे सदर त्याने त्या डेटा सेंटरवाल्या कंपनीच्या लोकांना दाखवलं. त्यांना गावातला माणूस हवाच होता. जनसंपर्काचं काम देऊन त्यांनी केतनला थेट तळेकोंडला पाठवलं. आई-बापाच्या घरी राहायचं, लोकांना भेटायचं, समजूत घालायची. प्रकल्प झाला तर पुढची दहा वर्षं तो तिथेच राहणार होता, आणि फसला तर परत नालासोपारा.

मला हे काकांच्या तोंडून कळलं नाही. त्यांच्या बायकोने, प्रेमलाकाकींनी, फोनवर सांगितलं. काकांचा डबा एसटीत राहिला होता त्याची चौकशी करायला त्यांनी फोन केला होता आणि डब्याचं सोडून पंधरा मिनिटं मुलाबद्दलच बोलल्या. सकाळी तो ओटीवर बसून चहा पितो, संध्याकाळी बापाशी वाद घालतो, सड्यावर फिरून येतो. चौदा वर्षांनी घरात तिसरं ताट मांडते, म्हणाल्या. आणि मग आवाज खाली आणून, की मी मात्र त्या कोठारांच्या विरोधातच आहे हां, ह्यांना सांगू नको.

ग्रामसभा मंगळवारी होती. शाळेच्या सभागृहाचे पत्रे बदलायचे चालले होते, म्हणून ती केदारलिंगाच्या देवळात भरली. मी बातमीसाठी गेले. देवळात माणसं जमली की आमच्याकडे आधी गाऱ्हाणं होतं, मग कामाला सुरुवात. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला खड्या आवाजात घातलेलं साकडं. गुरव एकेक मागणं म्हणतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याला काही खास मागायचं असेल तो आधीच गुरवाच्या हातात चिठ्ठी देतो. कुणाच्या पोरीची परीक्षा, कुणाचा दुबईचा व्हिसा, कुणाची गाभण म्हैस. गुरव ते सगळं आपल्या चालीत ओवतो. ऐकणारा प्रत्येक मागण्याचा अर्थ लावत बसत नाही. सूर वर चढला, 'रे म्हाराजा' आलं, की तोंड आपोआप उघडतं. माझंही उघडतं. लहानपणापासून उघडत आलंय.

त्या दिवशी बाळा गुरवांनी दहा-बारा मागणी घातली, आम्ही दहा-बारा वेळा होय म्हटलं, आणि मग सभा सुरू झाली. सभा कसली, दीड तास नुसती तू-तू मैं-मैं. सरपंचांचा माइक दोनदा ओढला गेला. शेवटी ठराव मांडलाच गेला नाही आणि सभा तहकूब झाली. मी तशीच बातमी पाठवली: ग्रामसभा गोंधळात तहकूब.

संध्याकाळी एका चॅनलवर बावीस सेकंदांची क्लिप फिरू लागली. देवळात हात जोडून उभा असलेला गाव, बाळा गुरवांचा खणखणीत आवाज: "उनात पडून पडून म्हाताऱ्या झालेल्या ह्या सड्याला बी काम दे, जो परकल्प दारात आलाय त्येची वाट मोकळी कर रे म्हाराजा." आणि दोनशे गळ्यांतून "व्हय म्हाराजा". खाली पट्टी, की कोकणातल्या गावाने देवासमोर प्रकल्पाला कौल दिला. त्यातला सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, तो मी लगेच ओळखला. संपादकांनी माझा मथळा काढून 'तळेकोंडचा एकमुखी होकार' असा मथळा घातला. मी दोन वाक्यं भांडले. तिसरं भांडायला हवं होतं, पण सात वाजून गेले होते आणि घरी पाहुणे यायचे होते. लाज वाटते, पण खरं हेच आहे.

बुधवारी दुपारी काका आले. बुधवारी ते कधीच येत नसत. मी जरा टोमणा मारला, की काका, अभिनंदन, अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या मनासारखी बातमी छापून आली. ते हसले नाहीत. म्हणाले, मी पण व्हय म्हटलं होतं काल, सगळ्यांबरोबर, आणि काय मागितलं ते मलाही कळलं नव्हतं. सकाळी पेपर वाचून कळलं. मग त्यांनी माझ्या फोनवर ती क्लिप ऐकायला मागितली.

एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा 'उनात पडून पडून' आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, ही ओळ आपण छापली होती का?

मी म्हटलं, नाही, मीच कापली होती.

म्हणजे ती ओळ जगात तिघांनीच वाचलेली होती. काकांनी लिहिली, मी कापली, आणि घरी राहिलेला कच्चा मसुदा नंतर ओटीवर बसून ज्याने वाचला असेल तो. मला एकदम सगळं समजलं. काकांना माझ्या आधी समजलं असावं, कारण ते खिडकीतून खाली बघत होते आणि त्यांचे हात टेबलावर अगदी गप्प पडले होते.

"बाय, मना तो हवा हाय घरात," ते म्हणाले. "चवदा वर्सा तो नव्हता तवा मी कुनाला बोललाव नाय. आता सकाळी त्याच्या चपला पायरीवर दिसतात, नि मना बरा वाटता. येवढाच."

मी सांगितलं, मग गप्प बसा काका. तुम्ही काही केलेलं नाही. प्रकल्प तुम्हालाही हवा आहे. तो होईल, केतन राहील, चार दिवसांनी लोक विसरतील. मी हे मनापासून सांगितलं, आणि आजही मला वाटतं की शंभरातल्या नव्व्याण्णव बापांनी ते ऐकलं असतं.

त्यांनी कोरे ताव मागितले. तासभर माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहीत होते. एका बाजूला विनीत पानं लावत होता, एका बाजूला फोन वाजत होते. तीन ताव माझ्यापुढे सरकवले तेव्हा मी त्यांना चहा विचारला आणि पहिल्यांदाच ते हो म्हणाले.

मी वाचत गेले. लिहिलं होतं की प्रकल्प यावा असं मला कालही वाटत होतं, आजही वाटतं आणि उद्याही वाटेल. पण कालचा होकार हा होकार नाही. गाऱ्हाण्यात माणूस विचार करून होय म्हणत नाही. शेजाऱ्याचं मागणं काही वाईट नसणार, या विश्वासाने म्हणतो. कुणाच्या म्हशीसाठी, कुणाच्या मुलीसाठी, न विचारता म्हणतो. आमच्या गावात एवढी एकच जागा उरली आहे जिथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही, आणि कुणीतरी नेमक्या त्याच जागेवर हात मारला. जिंकलो तो मी आहे, म्हणून तक्रार मीच केली पाहिजे. हरलेल्याने केली तर लोक म्हणतील रडतोय. कालची सभा मोजू नका, पुन्हा भरवा, आणि एकेकाला विचारा. शेवटची ओळ होती: 'गाऱ्हाण्यातलं ते वाक्य माझं आहे. दोष माझा.'

अकरा वर्षं मी या माणसाची टर उडवत आले होते. जगाच्या उलट बोलणं सोपं असतं, असं मला वाटत होतं, आणि बहुतेक वेळा ते असतंही. माझ्यासमोर बसलेला माणूस स्वतःच्या उलट बोलत होता, आणि त्याची किंमत त्याला नेमकी माहीत होती. एवढं मोठं काही मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मी चहाचा कप उगाच दोनदा पुसला.

मग मी म्हटलं, शेवटची ओळ खरी नाही काका.

ते म्हणाले, "वाक्य माझाच हाय." आणि चहा संपवून एसटीला गेले.

लेख मी गुरुवारच्या पानात नेहमीच्या जागी लावला. संपादक ते सदर वाचत नाहीत, याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, दर्शना, हा माणूस स्वतःच्याच ताटात माती का कालवतोय? फोन येत होते, पण शिव्या नव्हत्या. मालगुंडहून एका निवृत्त मास्तरांनी फोन करून नुसतं विचारलं, हे गृहस्थ राहतात कुठे? दुपारपर्यंत तळेकोंडच्या दीडशे लोकांच्या सह्यांचा अर्ज तालुक्याला पोचला आणि नवी ग्रामसभा रविवारी ठरली.

रविवारी माझी सुट्टी होती. तरी गेले. सभा या वेळी शाळेच्या पटांगणात, उन्हात होती आणि गाऱ्हाणं नव्हतं. वर सड्याची सोनेरी कड दिसत होती. काका पुढे बाकावर बसलेले. प्रेमलाकाकी बायकांत. केतनला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बापासारखाच उंच, कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट, कडेला सरपंचांच्या टेबलाशेजारी खुर्ची. बाप-लेक चार दिवस एकमेकांशी बोलले नसल्याचं काकींनी मला पाणी देताना सांगितलं. कारण काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, बापाने लेकाच्या कामात खोडा घातला म्हणून रुसवा आहे.

सुरुवातीलाच एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, आधी हे सांगा, बाळाच्या हातात ती चिठ्ठी दिली कुणी? सगळ्यांच्या माना बाळा गुरवांकडे वळल्या. गुरव बिचारे घामाघूम. चिठ्ठ्या रोज येतात, म्हणाले, मी नावं ठेवत नाही, देवाला नावं लागत नाहीत. पण बोलताना त्यांची नजर टेबलाकडे जाऊन परत आली. ती मी पाहिली, आणि आणखी पाच-दहा जणांनी पाहिली असणार, कारण कुजबूज सुरू झाली.

काका उठले.

"गुरवाला त्रास देऊ नुका," ते म्हणाले. "वाक्य माझा हाय. माझ्या हातचा. पेपरात मी लिवलाय तसा. माझा नाव घ्या नि पुढचा काम करा."

लोक त्यांच्याकडे रागाने नव्हे, जरा गोंधळून बघत होते. हा माणूस एकाच वेळी चोर आणि फिर्यादी कसा, हे त्यांना उलगडत नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी वहीत मान घातली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

केतन उभा होता. त्याने आधी सरपंचांकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि बोलला मात्र बापाशी.

"बाबा, तुम्ही खोटं लिहिलंत," तो म्हणाला. "वाक्य तुमचं होतं, चिठ्ठी माझी होती. तुमच्या कागदावरनं उतरवून मी गुरवकाकांना दिली. बाबांची आहे, असं सांगितलं. व्हिडिओ काढायला माणूस मीच उभा केला होता, चॅनलला मीच पाठवला. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं."

पत्र्यावर बसलेले कामगारसुद्धा हातोडी खाली ठेवून बघत होते. केतनचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो बसला नाही. बाळा गुरवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मी काकांकडे पाहिलं. या माणसाला लोकांनी अकरा वर्षं खोडून काढायचा प्रयत्न केला होता, फोनवर, पत्रांतून, एसटीत, देवळात. कुणालाही ते जमलं नव्हतं, कारण ज्याबद्दल वाद असायचा ते कुणालाच पुरतं ठाऊक नसायचं. आज पोटच्या पोराने चारचौघांत त्यांना खोटं ठरवलं होतं, आणि ते बरोबर होतं. काकांचे डोळे भरले होते. ते हळूच बाकावर बसले आणि मान हलवली, हो म्हणून.

त्यानंतर चर्चा झाली आणि ती शहाण्यासारखी झाली. लोकांनी झऱ्याचं विचारलं, आवाजाचं विचारलं. केतनने जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, आणि जिथे ठाऊक नव्हतं तिथे 'कंपनीने हे मलाही सांगितलेलं नाही' असं म्हणाला. काकाही बोलले, पंधरा मिनिटं, प्रकल्पाच्या बाजूने, अटींची यादी वाचून. मला तर तेव्हा ते जवळजवळ पटलं. मग हात वर करायला सांगितले. विरोधात एकशे सत्त्याऐंशी. त्यात प्रेमलाकाकींचा हात होता, चांगला ताठ. काकांनी वळून पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझी गुरं तुमच्या अटी खात नाहीत.

बाजूने कोण, असं सरपंचांनी विचारलं. केतनचं नाव नालासोपाऱ्याच्या मतदार यादीत, त्याला हात वर करता येत नव्हता. एकच हात वर झाला. काका उभे राहून, हात पूर्ण वर करून थांबले, सरपंच मोजून वहीत लिहीपर्यंत. कुणीही हसलं नाही. माझ्या शेजारची एक बाई, जिने विरोधात मत दिलं होतं, ती हळूच म्हणाली की असा विरोधक गावाला हवा. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

सभा संपल्यावर केतन फोनवर बोलत फाटकाबाहेर गेला. कंपनीचाच फोन असावा, कारण तो बोलत कमी होता. काका माझ्याजवळ आले. शुक्रवारच्या गाडीने तो जाईल, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, खूप.

मग त्यांनी मला वही काढून लिहून घ्यायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी लेख नाही, फक्त दुरुस्ती, असं म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं अक्षर मला लावावं लागलं नाही.

'गेल्या गुरुवारी दोष माझा असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. दोष माझ्या मुलाचा, केतन सहदेव गोताड याचा होता. तो त्याने सगळ्या गावासमोर माझ्याकडून मागून घेतला.'

मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, फाटकापलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाय, नाव तेवढा ठळक अक्षरात घाल."